दोन झेंड्यांमधले पाणी

संक्रांत झाली की आमच्या कॉलेजात सहलीचे वारे वाहू लागतात. तारखा ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात. सहल समितीत मी गेली बारा-तेरा वर्षे आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईंचे अक्षर चांगले आणि वाक्य शुद्ध, एवढ्या एका गुणावर सहलीची सूचना लिहिण्याचे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. त्या सूचनेतले शेवटचे वाक्य मला तोंडपाठ आहे : ‘विद्यार्थ्यांना समुद्रात, नदीत किंवा धबधब्याखाली उतरण्यास सक्त मनाई आहे.’ त्याखाली पालकांची सही. ती सही घेतली की आम्ही सुटलो!

‘सक्त’ हा शब्द त्या वाक्यात आला तो २०१७ साली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर आपल्या बेळगावच्या एका कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. ती संध्याकाळ आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी गेले होते. आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या एका शाळेच्या चार मुली. दर वेळी बातमी वाचायची, हळहळायचे आणि सूचनेतला मनाईचा शब्द आणखी ठळक करायचा, एवढेच आम्ही शिक्षक करत आलो.

माझ्यापुरते सांगायचे तर पाण्याची भीती माझ्या अंगात त्याच्याही आधीपासून आहे. माहेर खानापूर तालुक्यातले. माझा एक मामेभाऊ मलप्रभेच्या डोहात गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्यानंतर घरात पाण्याचे नाव काढायची सोय नव्हती. तरी थोरल्या भावाला काकांनी विहिरीत पोहायला शिकवलेच. पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि द्यायचे ढकलून! आठवडाभरात तो डब्याशिवाय हात मारू लागला. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळत होते. मुलीच्या जातीला पोहणे कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाही नाही. तो ठरलेलाच होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी माझी लेक मैत्रिणींबरोबर दोन दिवस फिरायला गेली. परत आल्यावर ‘पाण्यात गेली नाहीस ना?’ असे विचारले, तर ‘नाही गं आई’ म्हणाली. पंधरा दिवसांनी मैत्रिणीने पाठवलेला फोटो तिच्या मोबाईलवर माझ्या नजरेस पडला. छातीभर पाण्यात पाच मुली हातात हात घालून उभ्या. मागे लाट उठलेली. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. माझी लेक मधोमध हसते आहे. तिला पोहता येत नाही.

मी रागावले नाही. रागवायला जीभच उचलली नाही. रात्री मात्र झोप लागेना. माझी ‘सक्त मनाई’ माझ्याच घरात पाळली गेली नव्हती, आणि वर तिच्यामुळे लेकीला खोटे बोलावे लागले होते. मनाई केल्याने पोर पाण्याबाहेर राहिली नाही, फक्त माझ्या नजरेबाहेर गेली. मग वाटले, ज्यांच्या सह्या मी दरवर्षी घेते, त्या मुलांचे तरी याहून काय वेगळे होत असेल?

सकाळी लेकीला म्हटले, “तुला समुद्रात जायचे आहे ना? चल, मीच नेते. पण जिथे सांभाळायला माणूस उभा असेल तिथे.” ती क्षणभर बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, मला सर्फिंग शिकायचे आहे.” घ्या! बोट दिले तर हात धरला.

आमचे घर दोन भाषांचे. माझे माहेर मराठी, सासर गोकाककडचे कन्नड. आमचे हे दोन्ही भाषांत सारखेच गप्प बसतात. त्यामुळे घरातला खरा कौल सासूबाईंचा. त्यांना मी अत्ती म्हणते, मुले अज्जी म्हणतात. बेत ऐकल्यावर त्यांनी एकच वाक्य उच्चारले : “नीराग यारू इळीब्याड्री.” पाण्यात कोणी उतरायचे नाही. माझ्या सूचनेचेच जणू कन्नड भाषांतर! पण गंमत बघा, ‘मग तुम्ही घरी थांबता का?’ म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी पिशवी भरली. त्यात शेंगाहोळिगे, खडक भाकरी, चटणी आणि एक इरकल जास्तीची.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी पहाटे निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, म्हापसा. शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडे, मांद्रे आणि मग हरमल. पेडणे तालुक्यातले हे गाव परदेशी पाहुण्यांच्या नकाशावर ‘अरंबोल’ म्हणून आहे. जाता जाता एक सांगते, गोव्यात केरी एकाहून जास्त आहेत. एक वाटेवरची सत्तरीतली आणि दुसरी हरमलच्या उत्तरेला समुद्रकाठची. पत्ता विचारताना चुकू नका, आम्ही चुकलो.

हरमलच का? लेकीने आणि मी आधी बसून विचार केला होता. शिकाऊ माणसाला समुद्राचे तीन गुण हवेत. पहिला, आडोसा. हरमलच्या उत्तर टोकाला डोंगर थेट समुद्रात शिरलेला आहे. हिवाळ्यात त्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा आणि लाटांचा बराच जोर तिथे मोडतो. दुसरा गुण म्हणजे तळ वाळूचा आणि उतार मंद. पाऊल टाकले की एकदम खोल, असे होत नाही. लाट दूरवर फुटते आणि फेसाळत सावकाश किनाऱ्याला येते. तिसरा आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण म्हणजे राखण. गोवा सरकारने २००८ मध्ये किनाऱ्यांवरची जीवरक्षक सेवा ‘दृष्टी’ या संस्थेकडे दिली. तेव्हापासून मुख्य किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या कपड्यातले जीवरक्षक दिसतात. उंच मचाण, लाल नळीसारखा तरंगता, शिट्टी, दुर्बीण. मात्र त्यांची पाण्यावरची राखण दिवसाउजेडीच असते. सकाळी साडेसातच्या सुमाराला ते येतात आणि संध्याकाळी सहाला झेंडे उतरतात. ‘राखलेला किनारा’ हा घड्याळाला बांधलेला असतो, हे मनात पक्के ठेवावे.

ज्यांच्या घरी उतरलो ते काका जन्मभर रापण ओढलेले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे लांबच लांब जाळे. मी त्यांना भरतीची वेळ विचारली, तर त्यांनी मोबाईल काढला नाही, तिथी विचारली. म्हणाले, “आज चतुर्दशी. चौदाचे पाऊणपट करा. साडेदहा. म्हणजे साडेदहाच्या आसपास भरती पूर्ण. मग सहा तासांनी सुकती.” ओहोटीला ते सुकती म्हणतात. हिशेब ढोबळ आहे, पण पंचांग घरात असलेल्याला आयुष्यभर पुरेल असा. तिथी रोज पुढे सरकते आणि भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे जाते, याचे मूळ चंद्रात आहे. काकांनी ते एका पाढ्यात बसवले होते.

दुपारी ऊन कलल्यावर किनाऱ्यावर गेलो. वाळूत काही अंतरावर दोन झेंडे रोवलेले, प्रत्येक वर लाल आणि खाली पिवळा. या दोन झेंड्यांमधले पाणी जीवरक्षकांनी पाहून निवडलेले असते आणि त्यांची नजर त्यावर असते. नुसता लाल झेंडा दिसला तर तिथे उतरायचे नाही. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, गोव्याच्या किनाऱ्यावर पोहण्याचा विचारच करू नये. एवढे मी लेकीला आणि सातवीतल्या धाकट्याला वर्गात सांगावे तसे सांगितले. परीक्षाही घेतली. दोघेही पास.

नापास झाले ती मी!

झाले असे. झेंड्यांमधल्या पाण्यात गर्दी होती. लाटाही पांढऱ्या फेसाच्या, धाकट्याच्या कमरेवर आपटणाऱ्या. आमचे हे लेकीबरोबर तिथे उभे होते. मला वाटले, या पोराला इतक्या दंग्यात कशाला ठेवा? उत्तरेला खडकांच्या बाजूला पाण्याचा एक पट्टा दिसत होता. तिथे लाट फुटत नव्हती, फेस नव्हता. तळ्यासारखे शांत, जरा गढूळसर पाणी. मी त्याचा हात धरून तिकडे निघाले. गुडघ्याच्या थोडे वर पाणी आले असेल. एकाएकी पायाखालची वाळू कोणी चटई ओढावी तशी सरकू लागली. मी हसून त्याला म्हणणार होते, ‘गुदगुल्या होतात ना?’ तेवढ्यात त्याचे पाय सुटले. तो उभा होता तो आडवा झाला आणि माझ्या हाताला असा हिसका बसला की तो हात निसटता निसटता राहिला. तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत होता.

त्याच क्षणी शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, लांब. काय करावे मला सुचेना. मी किनाऱ्याकडे जोर लावत होते आणि जागची हलत नव्हते. जीवरक्षक धावत आला. त्याने तो लाल तरंगता धाकट्याच्या काखेत सरकवला, माझ्या दंडाला धरले आणि आम्हाला सरळ किनाऱ्याकडे न नेता आडवे, फेस होता त्या बाजूला नेले. पंधरा-वीस पावले असतील. तिथे पाय टेकले. मागून आलेल्या एका लाटेनेच आम्हाला पुढे ढकलले. सगळे मिळून दोन मिनिटे झाली नसतील.

“बाये, थंय वचूं नाका,” तो दम खात म्हणाला. “उदक शांत दिसता म्हणून फसूं नाका.” मग माझा चेहरा पाहून त्याने वाळूत बोटाने रेघा ओढल्या. मला त्याने जे शिकवले ते सांगते, कारण हा आजच्या लेखाचा गाभा आहे.

लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात. ते पाणी परत तर जायला हवे. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथे खोलगट वाट सापडते तिथून, किंवा खडकाच्या कडेने, ते एकवटून आत धावते. ती वाट खोल असते म्हणून तिच्यावर लाट फुटत नाही. लाट फुटत नाही म्हणून फेस नाही. फेस नाही म्हणून आपल्याला ते पाणी शांत वाटते. ओहोटीच्या सुमाराला ही ओढ बहुधा वाढते, आणि आम्ही गेलो ती वेळ काकांच्या हिशेबाने नेमकी सुकतीची होती. एरवी हिचा वेग सेकंदाला एक-दोन फूट असतो, पण कधी तो आठ फुटांपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. त्या वेगापुढे ऑलिंपिकचा पोहणाराही मागे हटेल. माझ्यासारख्या विहिरीच्या काठावर कपडे सांभाळलेल्या बाईची काय कथा!

पण एक धीराची गोष्ट आहे. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झुंजून, दमून. म्हणून तिच्याविरुद्ध हात मारायचे नाहीत. पाठीवर तरंगायचे, एक हात उंच करायचा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जायचे. ती वाट बहुधा अरुंद असते. जिथे लाट फुटताना दिसते तिथे ओढ नाही, तिथून परतायचे. मी जिथून पोराला दूर नेले, ती दंगेखोर जागाच सुरक्षित होती. आपण जन्मभर संथ पाण्यावर विश्वास ठेवायला शिकलेलो. समुद्राचा धडा नेमका उलटा.

आणखी एक गोष्ट त्या मुलाने सांगितली, ती ऐकून अंगावर काटा आला. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाणी दाबत असलेले. श्वास घ्यायलाच उसंत नसते, हाक कुठून मारणार? माझा धाकटा गप्प होता तो त्याचमुळे. आणि कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी टाकायची नाही. एकामागून एक जाणाऱ्यांच्या बातम्या अशाच घडतात. जीवरक्षकाला बोलवा, आणि तो येईपर्यंत तरंगणारे काही फेका. पाण्याचा रिकामा कॅन, चेंडू, झाकण लावलेली मोठी बाटली. मला काकांचा पत्र्याचा डबा आठवला. मूळ युक्ती तीच.

वाळूवर येऊन बसलो. अत्तींनी पदराने धाकट्याचे डोके पुसले. “एनात?” काय झाले? मी वाळूतल्या रेघा दाखवून सांगू लागले. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवले. “सेळवु अंतारल्ला, अदु.” सेळवु म्हणतात ना, ते. त्यांचे माहेर घटप्रभेच्या काठचे. पावसाळ्यात नदीच्या पात्रात कुठे सेळवु आहे हे पाण्याच्या रंगावरून ओळखायला त्यांना लहानपणी शिकवले होते. मग हलकेच पुढे म्हणाल्या, “नानू सण्णाकिद्दाग ईसतिद्दे.” मीही लहान असताना पोहत होते!

वीस वर्षे मी या बाईंच्या बरोबर एका घरात राहते. त्यांना पोहता येते हे मला ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. लग्न झाले आणि नदी सुटली. त्यांची मनाई अज्ञानातून आलेली नव्हती, त्यांना पाणी माहीत होते म्हणून त्या नको म्हणत होत्या. फक्त का नको, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. मराठीत आपण ‘ओढ’ म्हणतो, कन्नडात ‘सेळेत’, ‘सेळवु’. दोन्हीकडे पाण्याला आणि मनाला शब्द एकच कुळातला. अठरा वर्षांच्या मुलीला समुद्राची ओढ वाटणारच. तिला पाण्याची ओढ कशी असते हे सांगायचे काम आपले.

खरे सांगते, त्या रात्री मी परत फिरायचे ठरवले होते. आमचे हे एरवी न बोलणारे; पण म्हणाले, “आता घाबरून गेलीस तर पोरगी पुन्हा तुला न सांगता जाईल बघ की.” पटले.

रविवारी सकाळी आठला शिकवणी. वेळ सकाळची का, हे शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी पाठ केले आहे. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. समोरून हलका वारा लागल्याने लाट नीट, गुळगुळीत उभी राहते. दुपारी खारे वारे सुरू झाले की तीच लाट विस्कटते. ‘मतलई आणि खारे वारे यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचा आयुष्यात कधी उपयोग होईल असे वाटले नव्हते.

शिकवणारा मुलगा गावातलाच. आधी तो जीवरक्षकाकडे जाऊन आज कुठे उतरायचे ते विचारून आला, त्यानेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. पोहणारे लोक दोन झेंड्यांमध्ये, आणि फळ्या त्यांच्यापासून दूर. कारण सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसते. शिकाऊ माणसाची फळी मऊ फोमची, आठ-नऊ फूट लांब आणि रुंद. लांबी-रुंदी जितकी जास्त तितकी ती स्थिर. घोट्याला दोरी बांधलेली असते, म्हणजे पडलात तरी फळी जवळच राहते. पोहता न येणाऱ्याने कमरेपुढच्या पाण्यात जायचेच नाही, असे त्याने आधीच बजावले. लेकीला जॅकेट घातले. मला म्हणाला, “मॅडम, ओढणी काढून ठेवा. सुती सैल कपडा भिजला की पायात अडकतो.” साधी गोष्ट. पण सहलीला सलवार-कमीजमध्ये पाण्यात शिरणाऱ्या किती मुलींना आपण हे सांगतो?

पहिला अर्धा तास वाळूतच गेला. वाळूत फळीचा आकार काढून त्यावर पालथे पडायचे, हात मारायचे, छातीजवळ तळवे टेकायचे आणि एका झटक्यात उभे राहायचे. गुडघे वाकलेले, नजर पायाकडे नाही तर पुढे. पडायचे कसे हेही शिकवले. उथळ पाण्यात डोक्यावर उडी नाही, अंग पसरून पडायचे, वर येताना हातांनी डोके झाकायचे. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. पडणे शिकवणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे परीक्षेत कसे पडू नये एवढेच शिकवतात.

मग फेसाळ पाण्यात. मास्तर फळी धरून उभा, लाट आली की हलका धक्का. लेक पहिल्यांदा पडली, दुसऱ्यांदा पडली, नवव्यांदाही पडली. मी मोजत होते. पडल्यावर दर वेळी ती आधी किनाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघायची. बाराव्या वेळी ती उभी राहिली. तीन सेकंद, फार तर चार. हात पसरलेले, तोंड उघडे. फोटोत होते तेच हसू. या वेळी मात्र मी समोर होते.

मास्तरने मलाही फळीवर पालथे घातले. मी उभी वगैरे राहिले नाही, तो विषयच नाही. पण एका लाटेने मला उचलून किनाऱ्यापर्यंत अलगद आणले आणि वाळूत ठेवले. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाण्याने मला पहिल्यांदा काही दिले.

चहा पिताना मास्तर सर्फिंगबद्दल बोलत होता. हा परदेशी श्रीमंतांचा खेळ अशी माझी समजूत. तर आपल्याच राज्यात, मंगळूरजवळच्या मुल्कीला २००४ पासून सर्फिंगचा क्लब आहे. शेजारच्या ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहाल याने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. आडनाव ऐकताच अत्तींनी चहाची बशी खाली ठेवून विचारले, “नम्म कडेयवना?” आपल्याकडचाच का? एका आडनावाने सर्फिंग एकदम घरातले झाले. ज्यांना गोवा नको, त्यांच्यासाठी आपल्या कारवार-उडुपीच्या पट्ट्यात होन्नावरजवळचे कासरकोड आणि पडुबिद्री हे किनारे आहेत. दोघांनाही २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्यासाठी पाण्याच्या स्वच्छतेबरोबर जीवरक्षकांची सोयही असावी लागते.

निघण्याआधी अत्ती इरकलीच्या निऱ्या वर खोचून दोन झेंड्यांच्या मधोमध घोटाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. आधी डावीकडे, मग उजवीकडे पाण्याचा रंग पाहिला आणि मगच धाकट्याला हाक मारली, “बा.” ये.

बेळगावला आल्यावर मी सहलीची सूचना नव्याने लिहिली. ‘सक्त मनाई’ खोडली नाही. जिथे जीवरक्षक नाही तिथे ती हवीच. पण तिच्याखाली लिहिले : जीवरक्षक असतील तिथेच, त्यांच्या वेळेतच, दोन झेंड्यांमध्ये, कमरेच्या आतल्या पाण्यात, दहा-दहाच्या गटाने, आणि काठावर शिक्षक उभा. शिट्टी वाजली की बाहेर. संथ दिसणाऱ्या पट्ट्यात जायचे नाही, आणि का जायचे नाही ते. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, “मॅडम, ‘मनाई’ एका ओळीत होत होती. हे एवढे कोण वाचणार?” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. उद्या काही झाले तर सही त्यांची असते. शेवटी असे ठरले की समुद्रात उतरायचे की नाही याचा निर्णय नंतर होईल, पण सहलीआधी एक तास मुलांना हे सगळे सांगायचे.

तो तास या शनिवारी आहे. मी फळ्यावर वाळूचा बांध, फेस आणि मधला शांत पट्टा काढणार आहे. त्याआधी सगळ्यांना विचारणार आहे, “यातल्या कोणत्या पाण्यात उतराल?” बहुतेक हात शांत पट्ट्याकडे जातील, हे मला माहीत आहे. माझाही गेला होता.